आर. हॉल्टबी

ग्रिम्सबीला आमच्या गल्लीत टपाल अकराला येतं.
तुझी पत्रं मला आवाजावरून कळतात,
खिडकीचं पाकीट, आत जाड कागद,
पायपुसण्यावर धप्पकन पडतं.
आर. हॉल्टबी.

रसेल, आपण दोघंही आर.
आईने मुद्दाम ठेवली नावं अशी,
म्हणजे कोटाच्या कॉलरला शिवायच्या पट्ट्या
एकदाच विणून घेता येतील, दोन डझन.
तुझा कोट आखूड झाला की मला,
पट्टी उसवायला नको.
गोदीवर मासे कापणारी बाई ती,
दोऱ्याचाही हिशेब ठेवायची.

पहिल्या वर्षी मी पाकिटावर लिहायचे,
'इथे राहत नाही',
आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून यायचे.
खोटं नव्हतं ते.
खरं तरी कुठे होतं?
नोव्हेंबरात अकरा रात्री सोफ्यावर झोपलास,
बुटांसकट,
आणि जाताना सिंक घासून गेलास, लख्ख.

मग वसुलीचा माणूस आला.
अदबीने बोलला. उंबऱ्याच्या अलीकडे थांबला,
पण डोळे माझ्या खांद्यावरून आत.
"टीव्ही त्यांचा का?"
मी पावती दाखवली. केटलचीसुद्धा दाखवली.
खुर्च्यांची नव्हती. त्या आईच्या.
आईची पावती कुठून आणू?

मला गाडीसाठी कर्ज हवं होतं.
रात्रपाळी सुटते तेव्हा हॉस्पिटलपासून बस नसते.
नकार आला, तीन ओळींत.
शेजारचे मिस्टर प्रॉसर म्हणाले,
अगं, घरालाच डाग लागतो,
भिंतीला ओल चढते तसा.
मला पटलं.
आठवडाभर तुला शिव्या घातल्या,
भांडी घासताना, मोठ्याने, नावानिशी.

सल्लाकेंद्रातल्या मुलीच्या अंगठ्याला पट्टी होती.
म्हणाली, नाही हो, पत्त्याला कर्ज चिकटत नाही.
भावाचं असो, आधीच्या भाडेकरूचं असो,
एका छपराखाली राहिलात म्हणून
एकाचं ओझं दुसऱ्याच्या पदरात टाकत नाहीत.
दोघांनी मिळून कुठे सही केलीय का, कधी?

नाही म्हणणारच होते.
तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला
आणि तिथे तू.
आर्थिक संबंध: एक.
संयुक्त खातं, मार्च महिना, चौदा वर्षांपूर्वीचा.

आईच्या थडग्यावरचा दगड, रसेल.
तू दोनशे, मी दोनशे, मावशीने पन्नास.
दगड बसला,
खातं बंद करायचं राहिलं.
शिल्लक चार पौंड सत्तर.

चौदा वर्षं तेवढ्यावर आपण भाऊबहीण होतो,
कागदोपत्री.

खातं परवा बंद झालं. तू सही पाठवलीस,
सोबत चिठ्ठी नाही.
आता हा फॉर्म.
'वरील व्यक्तीशी माझा यापुढे
कोणताही आर्थिक संबंध नाही.'
'आर्थिक' शब्द आहे मध्ये, बोट ठेवून वाचला.
तरी पेन उचलेना.
चहा केला. निवला. दुसरा केला.

मग केली खूण त्या चौकोनात.
गाडी लागणारच आहे मला.
खाली सही: आर. हॉल्टबी.
आरचा पाय तुझ्यासारखाच लांब आलाय,
रेघेबाहेर.
पूर्ण नाव लिहावे, असं बारीक अक्षरात होतं.
रोवीना, असं लिहिलं.
इतकं सावकाश कधी लिहिलं नव्हतं.

दोन पौंड पस्तीस तुझे निघतात.
दाराजवळच्या बशीत ठेवलेत, पाकिटात.
वर तुझं नाव घातलंय, सगळं.
पांघरूण सोफ्याच्या मागे असतं, माहीत आहेच तुला.
टपाल तेवढं दुसरीकडे बोलवत जा.
आणि बूट काढ.